विश्लेषण : छत्री, मगर आणि मतदार… विडंबनाच्या व्हिडीओंनी फिलिपिन्स बदलतो का?

महागड्या मोटारीबरोबर एक छत्री मिळते. ती छत्री आवडली म्हणून मोटार घेतली, असे सांगणाऱ्या एका कंत्राटदार महिलेची जुनी मुलाखत २०२५ च्या ऑगस्टमध्ये फिलिपिन्समधील मोबाइलवर फिरू लागली. मोटार रोल्स-रॉइस होती. तिच्या कुटुंबाच्या कंपन्यांकडे सरकारची पूरनियंत्रणाची कामे होती आणि मनिलाच्या आसपासच्या वस्त्या नुकत्याच पुराच्या पाण्यातून वर आल्या होत्या. हा विनोद कुणाला रचावा लागलाच नाही. पुढचे काही आठवडे त्यावर विडंबनांचा पाऊस पडला आणि पाठोपाठ लोक रस्त्यावर उतरले.

इंटरनेटवरच्या उपहासातून समाजाला जागे करण्याचा खटाटोप या देशात गेली सतरा-अठरा वर्षे चालू आहे. तो काही वेळा साधला, काही वेळा फसला आणि एकदा तर साफ उलटला.

छत्रीच्या विनोदाचे पुढे काय झाले?

२८ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस (कनिष्ठ) यांनी संसदेपुढच्या वार्षिक भाषणात पूरनियंत्रणाच्या कामात पैसे खाणाऱ्यांना ‘लाज बाळगा’ असे सुनावले. पाठोपाठ सरकारनेच आकडे जाहीर केले. २०२२ पासून या कामांवर सुमारे ५४५ अब्ज पेसो खर्च झाले होते आणि त्यांपैकी जवळपास १०० अब्ज पेसोंची कामे अवघ्या १५ कंत्राटदारांकडे गेली होती. बुलाकान प्रांतात कागदावर पूर्ण झालेले बंधारे जागेवर सापडेनात.

मग समाजमाध्यमांवर कंत्राटदार आणि राजकारण्यांच्या मुलामुलींची जुनी छायाचित्रे बाहेर येऊ लागली. परदेशवाऱ्या, लाखमोलाच्या पर्सेस, खासगी विमाने. त्यांच्या शेजारी छातीभर पाण्यातून शाळेत जाणारी मुले, अशी जोडचित्रे करून लोक फिरवू लागले. अनेकांनी आपली खाती घाईघाईने बंद केली. ‘बबल गँग’ या १९९५ पासून चालू असलेल्या विनोदी कार्यक्रमात मायकल व्ही. या लोकप्रिय नटाने त्या छत्रीवाल्या कंत्राटदारबाईंचे सोंग घेतले आणि ती नक्कल दूरचित्रवाणीपेक्षा मोबाइलवरच जास्त पाहिली गेली.

२१ सप्टेंबरला, म्हणजे १९७२ च्या लष्करी कायद्याच्या स्मृतिदिनी, मनिलात मोठे मोर्चे निघाले. त्यांत मगरीची चित्रे आणि मुखवटे होते. तिथल्या बोलीत भ्रष्ट पुढाऱ्याला ‘बुवाया’ म्हणजे मगर म्हणतात. एका भागात दगडफेक झाली, २०० हून अधिक जणांना अटक झाली. त्याआधी चारच दिवस प्रतिनिधी सभेचे सभापती, जे राष्ट्राध्यक्षांचे मामेभाऊ, पायउतार झाले होते (आपल्यावरचे आरोप त्यांनी नाकारले आहेत). चौकशी आयोग नेमला गेला. सीमाशुल्क खात्याने त्या कुटुंबाच्या मोटारी ताब्यात घेतल्या आणि काहींचा लिलावही काढला.

हे सारे विडंबनाने घडवले, असे म्हणणे म्हणजे कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला म्हणण्यासारखे होईल. लेखापरीक्षकांचे अहवाल, पत्रकारांनी जागेवर जाऊन केलेली पाहणी आणि सिनेटमधील सुनावण्या नसत्या, तर छत्रीवर चार दिवस हसून लोक पुढे गेले असते. पण उपहासाने एक काम केले, जे अहवालाला जमत नाही. ५४५ अब्ज हा आकडा कुणाच्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही. छत्री राहते.

याची सुरुवात कुणी केली?

मे पानेर या रंगभूमीवरच्या अभिनेत्रीचे नाव यात आधी घ्यावे लागते. २००८ च्या सुमारास ग्लोरिया मकापगाल-अरोयो राष्ट्राध्यक्ष होत्या. चीनच्या झेडटीई कंपनीबरोबरचा ब्रॉडबँड जाळ्याचा करार लाचखोरीच्या आरोपांमुळे रद्द करावा लागला होता आणि त्या व्यवहाराबद्दल बोलणारा एक साक्षीदार सिनेटपुढे आला होता. वातावरणात संताप होता, पण १९८६ आणि २००१ अशी दोन जनआंदोलने पाहिलेले लोक पुन्हा रस्त्यावर यायला उत्सुक नव्हते. तेव्हा काही कलावंत मंडळींनी यूट्यूबवर काही मिनिटांचे व्हिडीओ टाकायला सुरुवात केली. त्यांतील पात्राचे नाव होते ‘हुआना चेंज’.

नावातच कोटी आहे. इंग्रजी वळणाने उच्चारले तर ते ‘वॉना चेंज’, म्हणजे ‘बदलायचंय का?’ असे ऐकू येते. आणि हुआना ही हुआनची बहीण. हुआन दे ला क्रूझ हा फिलिपिन्सचा सामान्य माणूस. विसाव्या शतकाच्या आरंभी मनिलात वृत्तपत्र चालवणाऱ्या एका स्कॉटिश संपादकाने ते नाव रूढ केले आणि पुढे व्यंगचित्रकारांनी त्याला वेताची टोपी घालून घराघरांत नेले. चौकटीचा कोट घातलेला आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ मराठी वाचकाला इथे आठवेलच. त्याच लक्ष्मण यांना १९८४ मध्ये मनिलातूनच रॅमन मॅगसेसे पुरस्कार दिला गेला होता.

मात्र लक्ष्मण यांचा माणूस गप्प राहून पाहतो. हुआना बोलते, ओरडते, नाचते, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक व्हिडीओत वेगळे सोंग घेते. यात भ्रष्ट पुढारी एकटा दोषी नसतो. त्याच्यापुढे हात पसरणारा, रांग मोडणारा, ‘चालायचंच’ म्हणणारा माणूसही दोषी असतो. बघणाऱ्याला आधी शेजारी दिसतो आणि मग स्वतः दिसतो.

त्याच सुमारास कवी आणि संगीतकार लॉर्ड दे वेरा यांनी ‘वर्ड ऑफ द लॉर्ड’ ही छोटी मालिका बातम्यांच्या कार्यक्रमात सुरू केली. त्यांच्या नावावरची कोटी आणि प्रवचनाचा आव, असा दुहेरी विनोद त्यात होता. सरळ चेहऱ्याने, पण कवीच्या भाषेत ते रोजच्या सवयींची चिरफाड करीत. त्यांचे तुकडेही दूरचित्रवाणीवरून निघून यूट्यूबवर स्थिरावले.

एका शब्दाने काय साधले?

‘एपाल’ हा शब्द घ्या. ‘पापेल’ म्हणजे भूमिका. तिथल्या तरुणांच्या उलट-सुलट बोलीत त्याचा झाला ‘एपाल’, म्हणजे जिथे-तिथे पुढे पुढे करणारा. हा शब्द हळूहळू रस्त्याच्या कामाच्या फलकावर स्वतःचा हसरा चेहरा छापणाऱ्या पुढाऱ्याला चिकटला. काम सरकारी पैशाचे, फोटो साहेबांचा. गल्लोगल्ली फ्लेक्स पाहणाऱ्या आपल्याकडच्या वाचकाला यापेक्षा जास्त सांगायला नको.

लोक अशा फलकांचे फोटो काढून ‘एपाल’ म्हणून टाकू लागले. गृह खात्याने २०१० मध्ये सरकारी कामांच्या फलकांवर पुढाऱ्यांची नावे आणि छबी लावायला मनाई करणारे परिपत्रक काढले. सिनेटर मिरियम डिफेन्सर सँटियागो यांनी तर विधेयकच मांडले, आणि ते सगळीकडे ‘अँटी-एपाल’ विधेयक म्हणूनच ओळखले गेले. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर त्याचा कायदा झाला नव्हता. ज्यांचे चेहरे फलकावर होते, त्यांच्याच हाताने तो व्हायचा होता.

तरी शब्द उरला. ज्या गोष्टीला नाव नव्हते तिला नाव मिळाले, की तिच्याकडे बोट दाखवता येते. उपहासाच्या व्हिडीओंचे सगळ्यात टिकाऊ काम बहुधा हेच असावे. एरवी तीन मिनिटांचा व्हिडीओ तीन दिवसांत विसरला जातो.

हसू आणि लाज यांचा संबंध काय?

फिलिपिनो समाजात ‘हिया’ ही भावना फार खोल आहे. लाज, भीड, चारचौघांत मान खाली जाण्याची धास्ती, हे सगळे त्या एका शब्दात येते. ‘वालांग हिया’ म्हणजे निर्लज्ज, ही तिथली जिव्हारी लागणारी शिवी. राष्ट्राध्यक्षांनी भाषणात जे सुनावले त्यात हाच शब्द होता. जिथे तोंडावर कुणी कुणाला बोलत नाही, बरोबरच्या माणसांशी जुळवून घेणे हा मोठा गुण मानला जातो आणि उपकारांचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाहिले जाते, तिथे विनोद ही खरे बोलण्याची एक सोय असते. ‘अहो, गंमत केली’ म्हणून मागे येता येते.

ही सोय नवी नाही. स्पॅनिश राजवटीत मार्सेलो एच. देल पिलार यांनी १८८८ मध्ये चर्चच्या प्रार्थनांचे विडंबन करून मठाधिपतींच्या लोभाची टर उडवली होती. होजे रिझाल यांच्या १८८७ मधील ‘नोली मे तांगेरे’ या कादंबरीतला पाद्री दामासो इतका गाजला, की आजही ढोंगी धर्मगुरूला तेच नाव दिले जाते. अमेरिकी अमलात, १९०३ मध्ये, ऑरेलियो तोलेंतिनो यांना नाटकाबद्दल राजद्रोहाच्या कायद्याखाली अटक झाली.

दामासोचे नाव २०१० मध्ये पुन्हा गाजले. कुटुंबनियोजनाच्या विधेयकाला चर्चचा विरोध होता. मनिलाचे प्रसिद्ध सहल-वाटाडे कार्लोस सेल्द्रान रिझाल यांच्या वेशात भर प्रार्थनेच्या वेळी मनिला कॅथेड्रलमध्ये गेले आणि ‘दामासो’ एवढा एकच शब्द लिहिलेली पाटी त्यांनी उंचावली. त्याची दृश्ये देशभर पोहोचली. विधेयक डिसेंबर २०१२ मध्ये कायदा झाले आणि महिन्याभरात सेल्द्रान धार्मिक भावना दुखावल्याबद्दल दोषी ठरले. अपिले हरल्यावर ते स्पेनला गेले. २०१९ मध्ये माद्रिदमध्येच त्यांचे निधन झाले.

सत्ताधाऱ्यांना हे शस्त्र कधी सापडले?

२०१६ मध्ये. त्याआधी फिलिपिन्समध्ये अनेक मोबाइल योजनांत फेसबुक फुकट मिळत होते. बाकीचे इंटरनेट उघडायला पैसे पडत. त्यामुळे लाखो लोकांसाठी फेसबुक म्हणजेच इंटरनेट झाले. हा देश समाजमाध्यमांवर जगात सर्वाधिक वेळ घालवणाऱ्यांत वर्षानुवर्षे अग्रभागी आहे. २०१९ च्या एका जागतिक अहवालात तिथला माणूस दिवसाचे सरासरी १० तास ऑनलाइन असल्याचे नोंदले गेले. त्यात परदेशी कामाला गेलेली आई किंवा बाप असलेली असंख्य घरे. व्हिडीओ हे तिथे करमणुकीआधी कुटुंबाचे साधन आहे.

रॉड्रिगो दुतेर्ते यांनी या पटावर वेगळाच डाव टाकला. ते स्वतःच विनोद करीत; शिवराळ, दंडेलीचे, अनेकदा बायकांविषयी हीन. प्रचारात त्यांनी सांगितले, की आपण जेट-स्कीवर बसून वादग्रस्त बेटावर जाऊ आणि तिथे फिलिपिन्सचा झेंडा रोवू. दक्षिण चीन समुद्रात चिनी बोटींच्या धाकात जगणाऱ्या कोळ्यांना ते खरे वाटले. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनीच सांगून टाकले, की तो प्रचारातला विनोद होता आणि ज्यांनी विश्वास ठेवला ते मूर्ख.

राज्यकर्ताच विदूषक झाला की त्याची नक्कल कशी करायची? नक्कल मूळ माणसापेक्षा सौम्य दिसू लागते. अनेक देशांतल्या विडंबनकारांना पुढे हाच प्रश्न पडला. फिलिपिन्सला तो आधी पडला.

२०२२ च्या निवडणुकीत उलटलेला डाव आणखी बोलका आहे. फेसबुकवरच्या एका लोकप्रिय पानावर ‘लेनलेन’ नावाची विनोदी मालिका चालली. तिच्यातली बावळट नायिका विरोधी उमेदवार आणि तेव्हाच्या उपराष्ट्राध्यक्ष लेनी रोब्रेडो यांच्यावर बेतलेली आहे, असे उघडपणे मानले जात होते. त्याच पानाच्या व्हिडीओंत मार्कोस यांची थोरली बहीण, सिनेटर इमी मार्कोस, स्वतः झळकल्या. निर्मात्यांनी याला व्यंग म्हटले. तंत्र तेच होते: छोटे प्रसंग, बोलीभाषा, टोचणारा शेवट. फरक इतकाच, की इथे विनोदाचा रोख खुर्चीत बसलेल्यांकडे नव्हता, देशातले एक बलाढ्य घराणे ज्या बाईशी लढत होते तिच्याकडे होता.

मग विरोधकांचे विडंबन कुठे कमी पडले?

रोब्रेडो यांच्या बाजूला कल्पक माणसांची वाण नव्हती. नट, गायक, नकलाकार, सगळे गुलाबी कपड्यांत त्यांच्या सभांना येत. त्यांचे व्हिडीओ चुरचुरीत असत. तरीही निकाल लागला तेव्हा मार्कोस यांना तीन कोटी १६ लाख मते होती आणि रोब्रेडो यांना त्याच्या निम्मीही नव्हती.

त्या काळात ‘बोबोतान्ते’ हा शब्द जोरात होता. ‘बोबो’ म्हणजे मठ्ठ आणि ‘बोतान्ते’ म्हणजे मतदार. शहरी, शिकलेल्या वर्गाच्या विनोदांत हा शब्द सतत येई: पाचशे पेसोंना मत विकणारा, टिकटॉकवरचे खोटे खरे मानणारा, जुन्या हुकूमशाहीला सुवर्णकाळ समजणारा. वरवर पाहता हुआना चेंजही मतदारालाच चिमटा काढत होती. पण तिचे सोंग म्हणत होते, ‘आपण असे वागतो’. ‘बोबोतान्ते’ म्हणतो, ‘तुम्ही असे आहात’.

हा फरक बारीक वाटतो, पण सगळे त्यावर ठरते. मत विकणारी बाई मठ्ठ असेलच असे नाही. पाच वर्षे फिरकून न पाहणारा पुढारी निदान एकदा तरी काही देतो आहे, असा तिचा सरळ हिशेब असतो. तिच्यावर हसणारा व्हिडीओ तिच्या मोबाइलवरही पोहोचतो. तो पाहून ती मत बदलत नाही; हे कोणाचे लोक आहेत एवढे मात्र तिला कळते. प्रचाराच्या अखेरीस रोब्रेडो यांचे स्वयंसेवक घरोघर जाऊन लोकांशी बोलू लागले होते. पण तेव्हा फार थोडे दिवस उरले होते.

अमेरिकी पत्रकार जेम्स फॅलोज यांनी १९८७ मध्ये फिलिपिन्सची संस्कृतीच बिघडलेली आहे, अशा अर्थाचा एक लेख लिहिला होता. त्यावरचा राग तिथे अजून पुरता गेलेला नाही. ‘आपले लोकच बेशिस्त’ या सुरातले कितीतरी विनोदी व्हिडीओ नकळत त्याच लेखाची री ओढतात. २०२५ ची छत्री चालली, कारण तिथे हसणारे खालच्या पायरीवर होते आणि ज्यांच्यावर हसायचे ते वरच्या.

कायदा काय म्हणतो?

सप्टेंबर २०१२ मध्ये फिलिपिन्सने सायबर गुन्ह्यांचा कायदा केला. त्यात ऑनलाइन बदनामीला छापील बदनामीपेक्षा एक पायरी जास्त शिक्षा ठेवली आहे. मूळ बदनामीचे कलम १९३० च्या दंडसंहितेतले, म्हणजे अमेरिकी अमलातले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. पुढे दोन्ही देशांच्या वाटा वेगळ्या झाल्या. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये माहिती-तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम रद्द केले. फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ऑनलाइन बदनामीचे कलम मात्र कायम ठेवले; मूळ मजकूर लिहिणारा जबाबदार, त्याला ‘लाइक’ करणारा किंवा तो पुढे पाठवणारा नाही, एवढी सवलत दिली. नोबेल मिळवणाऱ्या पत्रकार मारिया रेसा २०२० मध्ये याच कायद्याखाली दोषी ठरल्या. त्यांच्यामागे वृत्तसंस्था आणि जगभरचे वकील होते. घरच्या खोलीत, फोनसमोर पुढाऱ्याची नक्कल करणाऱ्या पोरामागे कुणी नसते. म्हणून बरेचजण नावे न घेता, मगरी आणि छत्र्यांच्या भाषेत बोलतात. मजकूर धारदार होतो तो बऱ्याचदा या भीतीमुळेच.

हुआना चेंज आता कुठे आहे?

जुलै २०१६ पासून दुतेर्ते सरकारने अमली पदार्थांविरुद्ध मोहीम उघडली. पोलिसांच्या घरोघरच्या फेरीला ‘तोखांग’ म्हणत. विसायन भाषेतल्या दार ठोठावणे आणि विनवणी करणे या दोन शब्दांचा तो जोड. प्रत्यक्षात दार ठोठावल्यावर अनेकदा गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी आकडा सहा हजारांवर मृत्यूंचा. मानवी हक्क संघटनांच्या मते तो ३० हजारांपर्यंत असू शकतो. मेलेले बहुतेक गरीब वस्त्यांतले. मार्च २०२५ मध्ये दुतेर्ते यांना अटक करून हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात नेण्यात आले.

या काळात मे पानेर यांनी २०१७ मध्ये एकपात्री प्रयोग उभा केला. मृतदेहांचे फोटो काढणारा छायाचित्रकार, नवरा आणि मुलगा गमावलेली झुंबा शिकवणारी बाई, मारेकरी पोलीस आणि एक अनाथ मूल, अशी चार माणसे त्या एकामागून एक साकारत. दहा वर्षे सोंगे काढून लोकांना हसवणारी ही बाई इथे कुणाला हसवत नव्हती. नाटकाचे नाव ‘ताओ पो’. फिलिपिनो माणूस परक्या दारात उभा राहून आदराने हीच हाक देतो. शब्दशः अर्थ इतकाच : माणूस आलाय हो.